काचेवरचं हिरवं पाणी

परभणीत गाडीच्या काचेवर मारायचं पाणी गोठतं, असं मी सांगितलं की हॉस्टेलवरच्या मुली हसतात. मराठवाडा म्हटलं की त्यांना ऊनच आठवतं. मी वाद घालत नाही; मला तो घालता येत नाही. पण डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे चार-सहा दिवस असे येतात की उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीच्या टपावरचं दव पहाटे पांढरं झालेलं असतं. बोटाने खरवडलं तर ते नखात राहतं.

आमची गाडी उघड्यावरच असायची. घरासमोर लिंबाचं झाड होतं, पण पाखरं घाण करतात म्हणून पप्पा ती झाडाखाली लावत नसत. गाडी पांढरी, भाड्याने फिरणारी. बाकी गाडीवर दोन दिवसांची धूळ असली तरी चालायची, समोरची काच मात्र लख्ख पाहिजे. अंघोळ, कपाळावर विभूतीची तीन बोटं, महादेवाला नमस्कार आणि मग ओल्या फडक्याने काच, हा त्यांचा सकाळचा क्रम होता. फडकं वेगळं होतं, ते दुसऱ्या कशालाही वापरलं की आरडाओरडा व्हायचा. एकदा मम्मीने त्याने शेगडी पुसली. ते म्हणाले, "देवाच्या वस्त्राने चूल पुसलीस तू." मम्मी म्हणाली, "देव असता तर दारात आला असता, असा रस्त्यावर उभा राहिला नसता."

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. मी बारावीत होते. एका पहाटे पप्पांनी गाडी सुरू केली, काचेवर पाणी मारायचा दांडा ओढला, पंपाचा घुंऽऽ असा आवाज आला आणि पाणी आलंच नाही. बॉनेटवरच्या बारीक भोकांत पाणी गोठलं होतं. त्यांनी आधी टाचणी घालून पाहिली. मग मम्मीने अंघोळीला तापवलेल्या पाण्यातून एक तांब्या आणला आणि पप्पांनी तो बॉनेटवर हळूहळू ओतला. काचेवर नाही. गार काचेवर गरम पाणी टाकलं की ती तडकते हे त्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळाने मी आत बसून दांडा ओढला आणि पाण्याची एक धार उडाली, वाकडी, थेट त्यांच्याच शर्टावर. ते हसले. त्या संध्याकाळी त्यांनी काचेवर एक जुनी घोंगडी टाकली, बॉनेटवर पोतं टाकलं आणि वर विटा ठेवल्या. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमच्या घरात जे जे इंग्रजीत लिहिलेलं असेल ते मी वाचायचं, असा नियम होता. औषधांच्या पट्ट्या, बँकेची पत्रं, मिक्सरची माहिती, गाडीचं जाडजूड पुस्तक. मी इंग्रजी शाळेत पहिलीत होते तेव्हापासून. पप्पांचं शिक्षण दहावीपर्यंत, मराठीतून. मम्मीचं सातवी. पाहुण्यांसमोर पप्पा एखादा कागद मुद्दाम माझ्या हातात द्यायचे. मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे, आणि पाहुणे माझ्याकडे नाही, पप्पांकडे बघायचे. मला न कळलेला शब्द कधी आला तर मी तो गिळायचे. उरलेल्या वाक्याचा अर्थ जुळवून सांगायचे. "मला माहीत नाही" हे वाक्य मी त्या घरात कधी म्हटलं असेल असं मला आठवत नाही.

"बघ बरं तुझ्या फोनवर," पप्पा म्हणाले. "थंड मुलुखात लोक काय करतेत. तिकडं तर बर्फच पडतो."

मी शोधलं. एक इंग्रजी पान उघडलं. त्यात लिहिलं होतं की काच धुण्याच्या टाकीत नुसतं पाणी ठेवू नये, न गोठणारं द्रव घालावं. मी तेवढं वाचलं. आमच्या जिन्याखाली पप्पांच्या सामानात एक कॅन होता. त्यावर इंग्रजीत तोच शब्द छापलेला होता, न गोठणारं. आत अर्धा कॅन हिरवं पाणी, गोडसर वासाचं. ते इंजिनाच्या रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट होतं. मला तेवढं कळत नव्हतं असं नाही. कूलंट हा शब्दही कॅनवर होताच. पण तो दुसरा शब्दही होता, आणि मी तो शोधूनच आले होते. दोन-तीन ग्लास मी काच धुण्याच्या टाकीत ओतले. हिरवा रंग पाण्यात पसरला तेव्हा मला फार हुशार वाटलं.

संध्याकाळी पप्पांनी विचारलं, "टाकलीस का काय ती दवाई?"

"टाकली."

"कोणती गं?"

"होती आपल्याकडेच."

त्यांनी पुढे विचारलं नाही. मी वाचून केलं होतं ना, मग झालं.

ते पान मी नंतर पुन्हा उघडून पाहिलं. त्यातच, मी थांबले होते तिथून जेमतेम दोन बोटं खाली, लिहिलेलं होतं: इंजिनाचं कूलंट यात कधीही घालू नका, काचेवर तेलकट थर बसतो आणि उजेडात समोरचं दिसेनासं होतं. ते वाचण्यासाठी अंगठा एकदा वर सरकवायचा होता.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. थंडीने माझी स्कूटी सुरू होईना. पप्पांना पहाटेच्या रेल्वेने आलेल्या एका कुटुंबाला पेडगावला सोडायचं होतं. घरी परत येऊन मला न्यायचं तर उशीर झाला असता, म्हणून मीही बरोबर गेले. मांडीवर जर्नल घेऊन पुढे बसले. जाताना अंधार होता आणि काच कोरडी होती. पेडगावात माणसं उतरली, चहा घ्याच म्हणाली, पप्पांनी नको म्हटलं. आम्ही परत फिरलो तेव्हा उजाडलं होतं.

हिवाळ्यात पेडगावहून परभणीकडे येताना सूर्य बरोबर समोर असतो. पुढे कापसाचा एक टेम्पो चालला होता. त्याची धूळ काचेवर बसत होती. पप्पांनी दांडा ओढला. घुंऽऽ झालं, आणि या वेळी दोन्ही भोकांतून छान धारा उडाल्या. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "वा गं माझी बाई!"

मग वायपर फिरला.

आधी वास आला. मग काचेवर दोन अर्धगोल उमटले, आणि त्या अर्धगोलांत सगळं पांढरं. वायपर परत आला तसं ते आणखी पसरलं. ऊन त्या थरावर पडलं होतं, त्यात मोरपंखासारखे रंग हलत होते. पप्पांनी पुन्हा पाणी मारलं. म्हणजे पुन्हा तेच हिरवं. मान वाकवून, काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या कोरड्या पट्टीतून ते रस्ता बघू लागले. मला वास ओळखू आला होता. काय झालंय हे त्या गाडीत मला नक्की माहीत होतं. पप्पा, थांबा, काच पुसू, एवढंच म्हणायचं होतं. मी मोबाइलमध्ये वेळ बघितली आणि म्हणाले, "पावणेआठपर्यंत पोचू ना आपण?"

ते म्हणाले, "पोचतो की. दम धर."

पुढे मेंढ्या होत्या. मला त्या दिसल्या नाहीत, आधी आवाज आला. मऊ, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा, दोनदा. तिसरा आवाज वेगळा होता. पप्पांनी ब्रेक लावला. माझं जर्नल पायाशी पडलं. मग कुणीतरी ओरडलं आणि पप्पा दार उघडून पळाले. मी तशीच बसून राहिले. समोर पांढरी काच होती, तिच्यापलीकडे काय झालंय ते बघायला मला दार उघडावं लागणार होतं. ते उघडायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. सगळ्यांत जास्त मला तेच आठवतं, ते दार.

दोन मेंढ्या मेल्या होत्या. त्यांच्यामागे चालणारी मावशी रस्त्याच्या कडेला पडली होती, पन्नाशीची असेल, हिरव्या लुगड्यातली. तिचा पाय मांडीपासून मोडला होता. ती रडत नव्हती, मेंढ्या मोजत होती. पप्पांनी आणि दोन माणसांनी तिला उचलून आमच्याच गाडीत मागे झोपवलं. पप्पांनी डोक्याचा रुमाल काढून काच खसाखसा पुसली आणि आम्ही थेट दवाखान्यात गेलो. माझी परीक्षा नंतर कधीतरी झाली.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तिच्या माणसांनी पप्पांना घेरलं. "दिसलं न्हाई का तुला? एवढा कळप हाय रस्त्यावर!"

पप्पा म्हणाले, "डोळ्यावर अंधारी आली हो. मला दिसलंच न्हाई."

मी भिंतीला टेकून उभी होते. कुणीतरी पप्पांचे डोळे निरखून बघितले, म्हणालं, "पडदा आलाय बहुतेक." त्यानंतर तिच्या माणसांचा आवाज खाली आला. पोलीस आले तेव्हा मावशीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बिचाऱ्याचे डोळे गेले, त्यानं काय मुद्दाम केलं का. मेंढरं बी मी मधीच घातली होती."

डोळ्यांच्या डॉक्टरने पप्पांना वाचायचा चष्मा दिला आणि वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाला. पण तोपर्यंत गल्लीत, नातेवाइकांत, सगळीकडे झालं होतं की त्यांचे डोळे अधू झाले. पप्पांनी गाडी झाडाखाली लावली, तिच्यावर ताडपत्री टाकली आणि एका बियाण्यांच्या दुकानात बसू लागले. वीस वर्षं स्टिअरिंग धरलेले हात आता पाकिटं रचत होते. रस्ता ओलांडतानाही मम्मी त्यांचा दंड धरायची. ते धरू द्यायचे.

आणि मग दूध यायला लागलं.

मावशीचा पाय जुळला, पण आखूड राहिला. चार महिन्यांनी तिने पेडगावहून येणाऱ्या दूधवाल्याबरोबर एक प्लास्टिकची बरणी पाठवली. तिच्या घरच्या शेळीचं दूध. निरोप असा की कापसाचे बोळे भिजवून डोळ्यांवर ठेवा, गरमी ओढून घेतं, तिच्या सासऱ्याला गुण आला होता. मम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपण तिचा पाय मोडला, आन ती आपल्याला दूध पाठवायलीय." त्या दिवसापासून दर सोमवारी बरणी यायची. दुपारी जेवल्यावर पप्पा पलंगावर उताणे पडत. मम्मी दोन बोळे त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायची. दूध कानाकडे ओघळायचं. अर्धा तास ते तसे पडून असत, पांढऱ्या डोळ्यांचे.

मी शिकायला दुसऱ्या शहरात गेले. तिथे कुठल्याही गाडीने काचेवर पाणी मारलं की मला तो घुंऽऽ ऐकू येतो. रिक्षात, बसमध्ये, अभ्यासिकेच्या खिडकीखाली. मैत्रिणींबरोबर गाडीने जायचं झालं तर मी मागे बसते. पुढे ऊन लागतं, असं सांगते. झोपेत मला मेंढ्या दिसत नाहीत, मावशी दिसत नाही. फक्त काच दिसते आणि तिच्यावर ते रंग हलताना दिसतात. आणि माझ्या हाताखाली दाराची कडी असते.

या डिसेंबरात मी घरी आले. सोमवार होता. मम्मी देवळात गेली होती आणि जाताना बोळे ठेवायचं काम मला सांगून गेली. मी पहिल्यांदाच ते करत होते. कापूस दुधात बुडवला, पिळला, पप्पांच्या डोळ्यांवर ठेवला. गार लागलं तसे ते किंचित शहारले. त्यांचे डोळे झाकलेले होते. ते मला बघू शकत नव्हते. मला वाटलं, आत्ता नाही तर मग नाहीच.

"पप्पा, त्या दिवशी काचेच्या टाकीत मी कूलंट टाकलं होतं. रेडिएटरचं. वाचायला चुकले मी. तुमचे डोळे चांगले आहेत."

ते हलले नाहीत. दूध कानाकडे चाललं होतं, मी ते ओढणीने टिपलं.

"आणि काच पांढरी झाली तेव्हा मला कळलं होतं. मी बोलले नाही."

 

"कॅन माझाच होता ना गं," ते म्हणाले. "मला वास येत न्हाई काय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या धारेलाच."

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"काय बोलायचं? पोरीनं टाकलं म्हणून?" बोळे तसेच होते, फक्त त्यांचं तोंड हलत होतं. "आन त्यानं तरी काय झालं असतं. काच खराब झाली तर गाडी थांबवायची कुणी? तू? स्टिअरिंग माझ्या हातात होतं. दिसत नव्हतं तरी मी चालवायलो होतो. चांगलं कोसभर. म्हटलं जाऊ निभावून, पोरीचा पेपर हाय." ते थांबले. "डोळे म्हटलं की लोक पुढं विचारत न्हाईत. बरं पडलं मला ते."

मला वाटलं होतं की मी सांगितलं की ते उठतील, चष्मा फेकतील, गाडीवरची ताडपत्री काढतील. त्यांनी फक्त बोळे काढून माझ्या हातात दिले. डोळे लाल नव्हते, स्वच्छ होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"दूध पाठवती ती बाई," ते म्हणाले.

"हो."

"हे मात्र वाईट झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ताडपत्री काढली. नवी बॅटरी बसवावी लागली. काचेच्या टाकीत तीन वर्षांपूर्वीचं ते पाणी अजून होतं, तळाशी, फिकट हिरवं. पप्पांनी नळी काढून ते एका डब्यात घेतलं आणि झाकण लावून बाजूला ठेवलं. कुत्रं-मांजर पितं, ते विषारी असतं, हे मी त्यांना सांगितलं. या वेळी पूर्ण पान वाचून. मग कोमट पाणी भरायचं, दांडा ओढायचा, सगळं बाहेर काढायचं, पुन्हा भरायचं. सात-आठ वेळा केलं. काच शॅम्पूने धुतली. पप्पांनी ते जुनं फडकं कुठून तरी शोधून आणलं.

पेडगावला जाताना मी पुढे बसले. त्यांनी बस म्हटलं नव्हतं, मीच बसले. ते फार हळू चालवत होते. मागून मोटारसायकली भोंगे वाजवत पुढे जात होत्या.

मावशीचं घर गावाच्या कडेला होतं, मेंढ्यांच्या वाड्याला लागून. ती काठी घेऊन वाड्यातच उभी होती. पप्पांना गाडीतून उतरताना बघून तिचा चेहरा फुलला. "आरं देवा! गाडी चालवत आलास का रं भाऊ? आला गुण! मी म्हणलं न्हवतं, शेळीचं दूध लय भारी असतंय?"

पप्पांनी हात जोडले. आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काच कशाने खराब झाली ते सांगितलं, पण कुणी टाकलं ते सांगितलं नाही. म्हणून ते मी सांगितलं. माझा आवाज इतका लहान निघाला की मावशी म्हणाली, "काय? मोठ्यानं बोल." मला ते दोनदा सांगावं लागलं.

मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम नाही गेलं. ते थोडं थोडं करून गेलं.

"मंजी डोळे चांगले होते तुझे?"

"होते."

"तवा बी?"

"तवा बी."

ती वाड्याकडे बघत राहिली. एक कोकरू काठीला अंग घासत होतं, तिने ते पायाने बाजूला केलं, आखूड पायाने. "आमची सून म्हणायची, लेकराला दूध पुरना, तिकडं कामून पाठवायल्या. मी म्हणलं, अगं आंधळा झालाय माणूस. लेकराचं काय, लेकरू भाकर खातंय." तिने पप्पांकडे बघितलं. "लेकराच्या तोंडचं काढून तुझ्या डोळ्यावर घातलं की रं मी."

पप्पांचे हात अजून जोडलेलेच होते. 

मग ती माझ्याकडे वळली. "आन तू लय शिकलेली ना? इंग्रजी वाचती म्हणं."

"हो."

"मंग तोंड न्हवतं का तुला? त्या टायमाला?"

मी मान खाली घातली. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, खरोखरच वाट बघत होती, हे मला तिच्या थांबण्यावरून कळलं. मी म्हणाले, "होतं, मावशी."

ती हूं म्हणाली. "बरणी आणली का माझी?"

आणली होती, धुऊन. मी दिली. तिने झाकण उघडून वास घेतला आणि ती वाड्याच्या खुंटीला अडकवली. मग आमच्याकडे पाठ करून ती मेंढ्या बाहेर काढायला लागली. चहा घ्या म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. मेंढ्या आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. सगळ्यांत मागे ती, काठीवर जोर देत, एका अंगाला कलत.

सोमवारी दूध आलं नाही. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. पप्पांनी दुकान सोडलेलं नाही, पण सकाळी ते गाडी काढतात आणि स्टेशनपर्यंत जाऊन येतात.

सध्या थंडी आहे. संध्याकाळी मी काचेवर घोंगडी टाकते, टाकी अर्ध्याहून कमी ठेवते. काचेसाठीच विकत मिळणारं द्रव आम्ही आणलं आहे, आणि बाटलीवरचं शेवटचं बारीक अक्षरही मी मोठ्याने वाचून दाखवलं. पहाटे पप्पांच्या आधी उठून मी गाडीत बसते आणि दांडा ओढते. घुंऽऽ होतं. धार उडते. वायपर फिरतो, आणि त्याच्यामागे लिंबाचं झाड दिसतं, कंपाउंड दिसतं, समोरच्या घराच्या पायरीवर निजलेलं कुत्रं दिसतं. मी खाली उतरते, काचेवरून बोट फिरवते आणि नाकाशी नेते. कसलाच वास नसतो. तरी मी दुसरं बोटही फिरवून बघते.